काका, तुमचा वकील वेगळा करा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न मी करून पाहिलं होतं. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला, हंगाम संपला की येतो म्हणाला, आणि तिकडेच रुजला. तिकडे त्याने दुसरी केली आहे हे आमच्या बेटावरच्या लांबासाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईला माझ्याआधी कळलं. जाताना आपली आई तेवढी माझ्याकडे ठेवून गेला, ती अजून आहे. त्यामुळे घर घ्यायची वेळ आली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं, की या खेपेला कोणाच्या तोंडच्या शब्दावर काहीही घ्यायचं नाही.

घर म्हणजे फार काही नव्हे. जगेसर काकांच्या उसाच्या कडेला दोन खोल्या, वर पत्रा, पुढे पडवी आणि दारात आंबा. पडवीत माझं शिलाई मशीन. आसपासच्या शाळांचे गणवेश मी शिवते, म्हणून अर्ध्या लांबासाच्या कमरेचं माप मला तोंडपाठ आहे. या घरात मी इतकी वर्षं भाड्याने राहत होते. आता काका-काकींना मुलीने ब्रिस्बेनला बोलावलं होतं. ऊस भाचा बघणार होता आणि हे घर काका विकणार होते. मी घेतलं नाही तर दुसरा कोणी घेणार, आणि मला मशीन आणि सासू घेऊन रस्त्यावर यावं लागणार. दुसऱ्यांदा कोणी मला उठवून लावलेलं मला सोसणार नव्हतं.

काकांनी रविवारी दुपारी बोलावलं. पडवीत चटई, मधे यंगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या ग्रॉगचं पातेलं आणि शेजारी जेपी मास्तर. मास्तर म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. सरकारने त्यांना शपथपत्रावर शिक्का मारायचा अधिकार दिलाय, आणि तेव्हापासून तो शिक्का ते खिशात घेऊनच जेवतात.

"कागद मास्तर करतील," काका म्हणाले. "तू सही कर, मी सही करतो, मास्तर शिक्का मारतात, आणि एकेक करवंटी ग्रॉग पिऊ. झालं घर तुझं!"

"शिक्का नवा आहे," मास्तर म्हणाले. "शाई दोनदा लावावी लागत नाही."

मी म्हटलं, "काका, आधी मी एका वकिलाला विचारते."

काकांच्या हातातली करवंटी तोंडापर्यंत जाता जाता थांबली.

"वकील? का ग, कोणी मेलंय का?"

"मरायच्या आधीच विचारलेलं बरं असतं."

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, सुमिंत्रा."

"पायरी कोर्टाची नाही, वकिलाच्या ऑफिसची आहे. आणि मी शहाणी असते तर आज इथे असते का?"

मास्तर हसले. काका हसले नाहीत. "तुझा नवरा पळाला," ते म्हणाले, "तेव्हा इथेच राहा म्हणणारा कोण होता? भाड्यासाठी तुझ्या दारात कधी उभा राहिलो? तेव्हा तुला वकील नाही लागला. या भागात सगळ्यांनी अशीच घरं घेतली. बापजाद्यांपासून ग्रॉगवर बोलणं होतं आणि माणसं शब्दाला जागतात. आज तू माझ्या आणि तुझ्या मधे तिसरा बसवतेस?"

सगळं खरं होतं. माझी मान खाली गेली, पण म्हटलेलं मी परत घेतलं नाही. "काका, शब्दावर मी एकदा लग्न केलंय," मी म्हटलं.

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून काकींकडून येणारं दूध बंद झालं.

सासूबाईंनी घरात दुसरी आघाडी उघडली. "बाजारात सगळे म्हणतायत, सुमिंत्राने काकाला चोर म्हटलं."

"मी वकील म्हटलं, अम्मा. चोर नाही म्हटलं."

"एकच ते. आणि दुधाशिवाय चहा मी पीत नाही, आधीच सांगते."

"पिऊ नका. तुमच्या मुलानेही जाताना असंच आधी सांगितलं असतं की येणार नाही, तर माझंही काही बिघडलं नसतं. पण तो बोलला नाही."

हे त्यांना लागतं, आणि ते मला माहीत असतं. तरी मी ते वापरते.

वकील उनाइसीचं ऑफिस बेकरीच्या वर आहे. नदीपलीकडच्या, इथल्या मूळ लोकांमधली मुलगी, पण आमच्या शाळेत शिकली, त्यामुळे आमच्याशी आमच्यासारखी बोलते. तिचा शाळेचा पिनाफोर मीच शिवला होता. तेव्हाही तिला खिसे खोल लागायचे.

"तुझी फी किती, ते आधी सांग," मी म्हटलं.

"दीदी, आधी ऐकून घे, मग एकदमच रड."

तिने जमिनीची नोंद मागवली आणि दोन आठवड्यांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर कागद पसरून म्हणाली, "काकांच्या नावावर काहीच नाही."

"काय काहीच नाही?"

"ना घर, ना ऊस. जमीन मतांगालीची, म्हणजे नदीपलीकडच्या गावातल्या त्या मूळ मालक कुळाची. तिचा भाडेपट्टा काकांच्या वडिलांच्या नावावर आहे. ते वारले, पण पट्टा कोणी बदलून घेतला नाही. तो नुसता शेतीचा आहे, त्यातून घरापुरता तुकडा वेगळा करून विकायचा तर जमीन मंडळाची परवानगी लागते. आणि त्याची मुदत संपत आलीय. मास्तरांनी कितीही शाई लावली तरी काकांजवळ तुला विकायला काही नाही."

मला आधी हायसं वाटलं. पैसे पाण्यात जाणार होते, ते वाचले. मग काकांचा विचार आला. तो माणूस आयुष्यभर मालकासारखा त्या शेतातून चालला होता.

"अजून एक आहे," उनाइसी म्हणाली. तिने पेन खाली ठेवलं. "तू माझी अशील आहेस, त्यामुळे हे तुला सांगणं माझं काम आहे. घरात तू राहतेस. पट्टा संपला की तू थेट मंडळाकडे घरापुरत्या जागेचा अर्ज करू शकतेस, स्वतःच्या नावाने. कुळाने हरकत घेतली नाही तर मिळेलही. काकांना एक छदामही न देता. काकांना हे माहीत नाही, आणि आपण त्यांना सांगितलंच पाहिजे असं कायद्यात नाही."

"हे तू मला कर म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. दारं दाखवते. कुठल्या दारातून जायचं ते तू ठरव."

खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. बसमध्ये बसले आणि वूनिमोलीचा फाटा येईपर्यंत मनात नुसता हिशोब चालू होता. त्या पैशांतून न्हाणीघर बांधता येईल, नवं मशीन येईल, जन्मभर कर्ज नको. शिवाय दूध बंद करणाऱ्या काकीला चांगली अद्दल घडेल, हेही मनात येऊन गेलं. तसे आपण सगळेच असतो.

मग आमचा आंबा दिसला आणि मला तो दिवस आठवला. नवऱ्याची बॅग मी भरली होती. त्याच्या शर्टांची बटणं पक्की केली होती, तिकडे थंडीत कोण लावून देणार म्हणून. तो या आंब्याखाली उभा राहून टॅक्सीची वाट बघत होता. आपण परत येणार नाही हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. त्याने सोडलं याचा राग कधीच विझला, पण त्याला माहीत असून मी बटणं लावत बसले, याचा राग अजून तसाच आहे. बस थांबली. मी घरी न जाता सरळ काकांच्या पडवीत गेले.

"काका, पट्टा तुमच्या नावावर नाही," मी उभ्याउभ्याच म्हटलं. "घर नाही आणि ऊसही नाही."

"कोण म्हणतं? ती तुझी वकीलबाई?" काका भडकलेच. "माझ्या बापाने अख्ख्या गावासमोर ताम्बुआ दिलाय! देवमाशाचा दात, एवढा मोठा! त्यापुढे तुझ्या कागदाची काय किंमत?"

"मग चला गावात. त्यांनाच विचारू."

"चल! आत्ता चल!"

आत्ता जाता येत नव्हतं, कारण रिकाम्या हाताने जात नाहीत. शनिवारी सकाळी काकांनी यंगोनाच्या मुळ्यांची चांगली जाड जुडी घेतली, पांढरा सदरा घातला, आणि आपल्या जुन्या पिकअपमधून मला नदीपलीकडे नेलं. 

कुळाचे प्रमुख अपिसाई काकांच्याच वयाचे. दोघे लहानपणी एकाच ओढ्यावर झिंगे पकडायचे. जुडी पुढे ठेवली, मान दिला-घेतला, टाळ्या झाल्या, पहिली करवंटी फिरली. मग काकांनी विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे एक विजयी नजर टाकली, "अपिसाई, माझ्या बापाने दिलेला ताम्बुआ तुम्हाला आठवतो ना?"

"आठवायला काय, आत टांगलाय," अपिसाई म्हणाले. "दिला तेव्हा मी माझ्या बापाच्या पाठीमागे बसलो होतो. तुझा बाप रडला होता."

"ऐकलंस?" काका मला म्हणाले.

"पण जगेसर, तो ताम्बुआ नात्याचा. त्याने तुझा बाप आमचा झाला. मुदतीचं बोलणं मंडळात झालं, कागदावर, आणि त्या कागदावर नाव तुझ्या बापाचं. तो गेला तेव्हा आम्ही चटया घेऊन रडायला आलो. कागद बदललास का, हे आम्ही कसं विचारणार? मयताच्या घरी कोणी कागद विचारतं?"

काकांची करवंटी हातातच राहिली. "म्हणजे तुम्ही मला काढाल?"

"मी?" अपिसाई हसले. "तुझ्या पायाला खेकडा चावला तेव्हा तुला पाठीवर घेऊन आलो होतो मी. मी कशाला काढीन? पण माझा एक मुलगा राजधानीत, सुव्यात आहे, एक फौजेत. त्यांनी तुझं तोंड दोनदा पाहिलंय. उद्या माझ्या जागी ते बसतील. तेव्हा तू त्यांना काय दाखवणार, पायावरचा व्रण?"

सगळे हसले. काकाही हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. आपण जिंकलो असं मला एक क्षणही वाटलं नाही.

निघताना अपिसाई मला म्हणाले, "घराच्या तुकड्याला आमची हरकत नसेल. पण पोरी, कागद कर. तुझे गणवेश आमच्या मुली घालतात, म्हणून काही कोणी घर देत नाही."

परतताना पुलाच्या अलीकडे काका बोलले. आवाज बसला होता. "बरं तर. तुझी वकीलबाई हुशार दिसते. माझंही तीच करून टाकेल ना? एका फीत दोघांचं."

"नाही काका. तुमचा वकील वेगळा करा."

"पुन्हा वकील!" त्यांनी स्टीअरिंगवर हात आपटला. "तुझं ऐकून गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, आणि वर आता मी फी भरू? तुझी माझी काय दुष्मनी आहे?"

"दुष्मनी नाही. पण उनाइसी माझी वकील आहे, ती माझा फायदा बघणार. आणि माझा फायदा कशात आहे माहितेय तुम्हाला?" मग मी सगळं सांगितलं. पट्टा संपायची वाट बघायची, परस्पर अर्ज करायचा, त्यांना एक छदामही द्यायचा नाही, सगळं.

काकांनी गाडी कडेला घेतली. समोरून उसाचा एक ट्रक गेला, मग दुसरा गेला.

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर..."

"तर घर मला बहुतेक फुकट मिळालं असतं."

"आणि ऊस?"

"ऊसही गेला असता. भाच्याने ब्रिस्बेनला फोन करून सांगितलं असतं तुम्हाला."

"मग का सांगितलंस?"

"कारण माझ्या नवऱ्याचं मला मिरचीवालीने सांगितलं होतं."

काकांनी किल्लीला हात घातला. मग म्हणाले, "तो तुझा नवरा एक नंबरचा गाढव आहे." आणि गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी दूध आलं, आणि पातेल्यावर झाकण म्हणून ताटलीत चार गुलगुलेही आले. सासूबाईंनी सलग दोन चहा घेतले.

काकांनी नायकर वकील गाठले. म्हातारे, चष्मा कपाळावर, आणि दर वाक्याआधी खोकणारे. सुरुवातीला काका त्यांच्याकडे दात उपटायला निघाल्यासारखे जायचे. महिन्याभरात त्यांना वकिलाची अशी काही गोडी लागली की विचारू नका. "माझे वकील म्हणतात" याशिवाय वाक्य सुरू होईना. काकींनी मीठ जास्त झालंय का विचारलं तरी माझे वकील म्हणतात. जेपी मास्तर तर येणंच टाळू लागले.

कामं खरोखरच पुष्कळ होती. काकांच्या बहिणीच्या सह्या, व्हँकुव्हरच्या भावाच्या सह्या, मंडळाचे मोजणीदार, कुळाचा होकार. आधी उसाचा पट्टा काकांच्या नावावर नव्याने आला, आणि त्याआधीच त्यांनी लिहून दिलं होतं की घराचा तुकडा ते सोडतील तो फक्त मला. ते लिहिताना नायकरांनी आपल्या अशिलाच्या बाजूने एक अट घातली: काका देशात येतील तेव्हा दारातल्या आंब्यावर त्यांचा हक्क राहील.

"किती आंबे?" उनाइसीने विचारलं.

"खातील तेवढे," नायकर खोकून म्हणाले.

"झाडावर बसून, की नेऊन?"

"अग पोरी, मी या वयात झाडावर बसतोय का?" काका ओरडले. पण त्यांना फार मजा येत होती, ते दिसत होतं. अर्धा तास दोन वकील आंब्यावरून भांडले, आणि मी आणि काका शेजारी शेजारी बसून गुलगुले खात होतो. आमच्यात बोलायला एकही कडू गोष्ट उरली नव्हती. ती सगळी त्या दोघांनी वाटून घेतली होती.

मधेच एकदा उनाइसीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दीदी, तुझा घटस्फोट झालाय?"

"नाही. तो नुसता रुजलाय."

"मग आधी ते मोकळं कर. नाहीतर घरात त्याची मुळं येतील."

मी ते केलं. सगळ्यात अवघड तेच होतं, कारण अर्जावर त्याचं नाव लिहावं लागलं. उनाइसीने त्याला कागद पाठवले. लग्न संपल्याचा अर्ज, आणि एकमेकांच्या मालमत्तेवर कोणाचा हक्क नाही असं लिहिलेला करार. वर पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ते वाक्य लिहाच, असं मीही तिला दोनदा बजावलं. काकांना एक न्याय आणि त्याला दुसरा, असं मला नको होतं. सह्या करून कागद उलट टपाली आले. सल्ला कुठला, त्याने ते वाचलेही नसावेत. माझ्याकडे तरी काय असणार, असं वाटलं असेल त्याला.

निकाल लागला. त्यानंतर घराचा पट्टा आला. त्यावर एकच नाव आहे, माझं, आणि कोणाचीही पत्नी असं पुढे-मागे काही लिहिलेलं नाही. मी तो आधी मशीनवर ठेवला, मग तेल लागेल म्हणून उचलला, मग कुठे ठेवावा ते कळेना म्हणून छातीशी धरून पडवीत उभी राहिले आणि रडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "एवढं रडू आलंय तर बसून रड, आता घर तुझंच आहे."

काका-काकी ब्रिस्बेनला गेले. जाताना काकांनी मास्तरांना सांगितलं, "शिक्का जपून ठेवा, शाई वाळेल." आता दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि आंब्याला मोहर किती आलाय ते विचारतात.

गेल्या महिन्यात दुसराच फोन आला, सासूबाईंच्या मोबाईलवर. मी शाळेच्या स्कर्टांना चुण्या घालत होते. आवाज मोठा होता, त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू येत होतं. घर घेतलंत म्हणे, त्याने विचारलं. बरं झालं. तिकडचं काही आता त्याचं जमत नव्हतं, तो परत यायचं म्हणत होता. आणि आई तिथे राहते म्हटल्यावर घरात त्याचंही नाव असायला हवं की नको? सुमिंत्राला एवढं समजाव, ती तुझं ऐकेल.

मी मशीनचं चाक हाताने धरलं. माझ्या डोक्यात दहा उत्तरं होती, एकाहून एक तिखट, कैक वर्षं मुरलेली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मुलगा त्यांचा होता, पोटचा, आणि कैक वर्षांनी यायचं म्हणत होता.  मला वाटलं आता ही बाई मला विनवणार, आणि मी काय करीन ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बेटा," त्या म्हणाल्या, "तू वकील कर."

पलीकडून तो काहीतरी जोरात बोलला.

"हो, वेगळा कर," सासूबाई म्हणाल्या. "आमची तुला मिळणार नाही."